बर्फाखालचा अग्नी : माउंट रेनियरची चढाई

‘ज्वालामुखी’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धुराचे लोट, तांबडा लाव्हारस आणि जीव मुठीत धरून पळणारी माणसे उभी राहतात. शाळेच्या भूगोलातील चित्रांचा तो परिणाम होय. परंतु जगात असेही कित्येक ज्वालामुखी आहेत की ज्यांच्या माथ्यावर बारा महिने बर्फ असते, पोटात आग असते आणि पायथ्याशी माणसे शेती करून, शाळा चालवून नांदत असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात उभा असलेला माउंट रेनियर हा त्यांपैकीच एक.

त्याची उंची १४,४१० फूट मानली जाते. एव्हरेस्टच्या उंचीच्या निम्म्याहूनही ती किंचित कमीच भरते. असे असूनही १९६३ साली एव्हरेस्टवर गेलेल्या अमेरिकन मोहिमेने आदल्या वर्षी सरावासाठी हाच डोंगर निवडला होता. निम्म्या उंचीच्या डोंगरावर एव्हरेस्टची तयारी कशी होते? मुरलेल्या गिर्यारोहकांबरोबर तेथे जाणाऱ्या नवशिक्याला काय शिकावे लागते? आणि अनुभवी माणसांची सोबत असली म्हणजे आपण सुरक्षित असतो काय? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तिसरा प्रश्न सुट्टीत पाठीवर पिशवी टाकून डोंगरांकडे निघणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या प्राध्यापकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

आपला पाषाण आणि त्यांचा पाषाण

प्रथम दगडाविषयी. आपला सह्याद्रीही अग्नीतूनच जन्मला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हारस वाहू लागला. तो दूरवर पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. अशा थरांवर थर बसून आपला काळा कातळ तयार झाला. डोंगराच्या कड्यांवर आडव्या पायऱ्यांसारखे जे पट्टे दिसतात, ते याच थरांचे होत.

रेनियरची घडण निराळी आहे. तेथला लाव्हारस घट्ट आणि चिकट. तो दूर वाहून जात नाही, मुखापाशीच साचतो. त्यात कोंडलेले वायू सुटताना स्फोट होतात आणि राख व दगडधोंडे उडून तेथेच पडतात. लाव्हाचा थर, त्यावर राखेचा आणि धोंड्यांचा थर, पुन्हा लाव्हा, असे होत होत सुमारे पाच लाख वर्षांत हा शंकू उभा राहिला. त्यातच पोटातून वर येणारी आम्लयुक्त उष्ण वाफ आतल्या खडकाला कुजवीत असते. घट्ट खडकाची हळूहळू चिकणमाती होते. म्हणजे दुरून अभेद्य दिसणारा हा डोंगर आतून बराचसा पोकळ विश्वासाचा आहे.

चढणाऱ्याच्या दृष्टीने या फरकाला फार महत्त्व आहे. सह्याद्रीत कातळ हा आपला आधार असतो; घसारा आणि वाळलेले गवत हा धोका. रेनियरवर नेमके उलटे. तेथे रात्री गोठलेले बर्फ हाच आधार आणि उघडा खडक हा धोका. हाताला लागलेला दगड उपटून येईल की काय, हा प्रश्न तेथे सतत मनात वागवावा लागतो. म्हणून रेनियरवरील अनुभवी माणूस शक्य तेथवर बर्फावरून जातो आणि खडकाळ टप्पा लवकरात लवकर ओलांडतो.

नावाची आणि पहिल्या चढाईची कथा

१७९२ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर याने समुद्रावरून हे शिखर पाहिले आणि त्याला आपला स्नेही पीटर रेनियर याचे नाव देऊन टाकले. हा पीटर रेनियर पुढे १७९४ ते १८०५ या काळात हिंदी महासागरातील ब्रिटिश आरमाराचा प्रमुख होता. म्हणजे दुसरे इंग्रज-मराठे युद्ध झाले तेव्हा या बाजूच्या समुद्रावर त्याचाच अंमल होता. गमतीची गोष्ट ही की, ज्या डोंगराला त्याचे नाव मिळाले तो डोंगर त्याने कधी पाहिलाच नाही. तेथील मूळ रहिवाशांचे त्या डोंगराला स्वतःचे नाव होतेच. ‘ताहोमा’ हे त्या नावाचे एक रूप आजही प्रचारात आहे.

माथ्यावर पोहोचल्याची पहिली निर्विवाद नोंद १७ ऑगस्ट १८७० ची आहे. हॅझार्ड स्टीव्हन्स आणि पी. बी. व्हॅन ट्रम्प हे ते दोघे. स्लुइस्किन नावाचा मूळ रहिवासी वाटाड्या त्यांच्याबरोबर होता. त्याने बर्फाच्या कडेपर्यंत वाट दाखविली आणि पुढे जाऊ नका म्हणून कळकळीने विनविले. वरून दगड कोसळतात, वारा माणसाला उडवून देतो आणि माथ्यावर दुष्ट शक्तीचा वास आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यातील शेवटचा भाग सोडला तर उरलेली माहिती अगदी बिनचूक होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दोघेही संध्याकाळपर्यंत परत येऊ या भरवशावर कोट आणि कांबळी खालीच ठेवून निघाले. चढाईतच दिवस सरला. माथ्यावर पोहोचले तेव्हा सायंकाळ झालेली, वारा सुटलेला आणि अंगावर पुरेसे कपडे नाहीत. त्या रात्री ते वाचले ते ज्वालामुखीच्या कृपेने. विवराच्या कडेला जमिनीतून वाफ निघत होती आणि त्या वाफेने बर्फात गुहा कोरली होती. त्या गुहेत त्यांनी रात्र काढली. एका अंगाला चटके आणि दुसऱ्या अंगाला हिमवारा, वर गंधकाच्या वासाने मळमळ, अशी ती रात्र होती. उतरताना व्हॅन ट्रम्पच्या मांडीला जबर जखम झाली. दोघे परतले तेव्हा स्लुइस्किनला ती भुतेच वाटली, असे सांगतात.

वीस वर्षांनी, १० ऑगस्ट १८९० रोजी, फे फुलर या तरुण शिक्षिकेने हे शिखर गाठले. रेनियरच्या माथ्यावर पाऊल ठेवणारी ती पहिली स्त्री होय.

चढाई कशी होते?

आज बहुतेक लोक दक्षिणेकडील ‘पॅरडाइझ’ या ठिकाणाहून निघतात. नाव नंदनवनाचे, पण १९७१–७२ च्या हिवाळ्यात तेथे १,१२२ इंच हिमवर्षाव मोजला गेला होता. तो त्या काळचा जागतिक उच्चांक होता. १९९८–९९ साली त्याच पर्वतरांगेतील माउंट बेकरने तो मोडला. पॅरडाइझची उंची सुमारे ५,४०० फूट. तेथून माथा नऊ हजार फूट वर. एवढी उभी चढण सामान्यतः दोन टप्प्यांत चढतात.

पहिला टप्पा सुमारे दहा हजार फुटांवरील ‘कॅम्प म्यूर’पर्यंतचा. प्रसिद्ध निसर्गप्रेमी जॉन म्यूर १८८८ साली येथे आला होता. मुक्कामाला जागा शोधताना त्याला एके ठिकाणी जमिनीवर प्यूमिसचे कण साठलेले दिसले. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीतून निघणारा फेसासारखा सच्छिद्र, अतिशय हलका दगड. म्यूरने विचार केला, की इतका हलका दगड ज्या जागी उडून न जाता टिकला आहे, त्या जागी वारा फारसा लागत नसणार. एवढ्यावरून त्याने मुक्काम निवडला, आणि आज त्याच जागी त्याच्या नावाचा तळ आहे. अनुभव म्हणतात तो हाच. दगड सर्वांनाच दिसतो. त्यावरून वारा ओळखणारा विरळा.

दुसरा टप्पा मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतो. नवख्याला प्रथम हेच चमत्कारिक वाटते. लख्ख उजेड सोडून अंधारात का निघायचे? कारण रात्री बर्फ घट्ट असते. पायाखालचे हिमपूल भार सोसतात आणि उतारावरचे सैल धोंडे बर्फात जखडलेले असतात. सूर्य वर आला की ही पकड सुटते. दगड गडगडू लागतात, बर्फ मऊ पडते. म्हणून अंधारात चढायचे, सकाळी माथा गाठायचा आणि दुपारच्या आत धोक्याच्या जागा ओलांडून खाली यायचे, असा क्रम असतो.

रेनियरच्या अंगावर सुमारे पंचवीस हिमनद्या आहेत. हिमनदी म्हणजे बर्फाचा संथ वाहणारा प्रवाह. उतारावरून सरकताना तिला ताण पडतो आणि तिच्यात खोल भेगा पडतात. काही भेगा उघड्या दिसतात. काहींवर नव्या बर्फाचे पातळ पांघरूण असते. त्या पांघरुणावर पाय पडला की माणूस खाली जातो. यासाठी तिघेचौघे एका लांब दोराला काही अंतराने बांधून घेतात. एक भेगेत गेला तर उरलेल्यांनी ताबडतोब पालथे पडून हिमकुऱ्हाडीचे टोक बर्फात रुतवायचे आणि अंगाचा भार त्यावर टाकायचा. ही क्रिया विचार करून करता येत नाही. क्षणार्धात व्हावी लागते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी सौम्य उतारावर मुद्दाम घसरून ती पुनःपुन्हा घोटून घेतात. बुटांना लोखंडी दात बांधून चालण्याचा सरावही तेव्हाच करून घेतात.

दोराची एक शिस्त आहे. तो फार ताणलेला नसावा आणि फार ढिलाही नसावा. पुढच्याच्या चालीकडे ज्याचे लक्ष नाही त्याचा दोर एक तर पुढच्याला मागे खेचतो, नाही तर ढिला पडून घसरणाऱ्याला वेग घेऊ देतो. त्यामुळे दोरावर सर्वांत सशक्त माणसाची चाल चालत नाही. सर्वांत थकलेल्या माणसाची चाल चालते. हे ज्याला जमत नाही, त्याच्या ताकदीचा तेथे उपयोग कमीच.

चालण्याचीही एक रीत आहे. प्रत्येक पावलाला मागचा पाय गुडघ्यात सरळ ताठ करायचा. शरीराचा भार क्षणभर हाडावर तोलला जातो. तेवढ्यात पुढच्या पायाच्या स्नायूंना विसावा मिळतो. मग पुढचे पाऊल. त्याबरोबर ओठ आवळून जोराने श्वास बाहेर टाकायचा. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे हे त्याचे परिणाम. धाप लागेपर्यंत धावायचे आणि मग बसायचे, ही आपली डोंगरातली नेहमीची चाल तेथे अर्ध्या तासात माणसाला आडवी करते. जुने जाणते गिर्यारोहक इतके सावकाश चालतात, की नवख्याला वाटावे हे रेंगाळत आहेत. चार तासांनंतर तेच पुढे असतात.

कॅम्प म्यूरच्या वर दोन हिमनद्यांना दुभागणारी एक खडकाळ धार लागते. तिचे नाव ‘डिसअपॉइंटमेंट क्लीव्हर’, म्हणजे निराशेची धार. ती ओलांडल्यावर लांबच लांब बर्फाळ उतार आणि शेवटी विवराची कड. विवराचा व्यास हजार फुटांहून अधिक आहे. आत बर्फ भरलेले. पण कडेची काही जमीन वाफेच्या उष्णतेने उघडी. पाऊणशे पावलांच्या अंतरात बर्फ आणि वाफ शेजारी शेजारी नांदतात. बर्फाखाली वाफेने कोरलेल्या गुहांचे जाळे आहे. स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रम्प यांना आसरा देणारी गुहा त्यांतीलच.

अनुभवी सोबत म्हणजे काय?

रेनियरवर दरवर्षी सुमारे दहा हजार लोक माथ्यासाठी निघतात आणि त्यांतले जवळजवळ निम्मे माथा न गाठताच परततात. ही गोष्ट कमीपणाची मानली जात नाही. चांगला म्होरक्या निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवितो. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असले तरी मागे वळायचे. ढगांवरून, वाऱ्यावरून, बर्फाच्या आवाजावरून त्याला काही खटकले तरी मागे वळायचे. माथ्यावर टोपीसारखा ढग बसला तर पॅसिफिककडून ओलसर वारे येत असून वादळ जवळ आहे, हे तो ओळखतो. सोबतच्या हौशी मंडळींनी पैसे खर्चलेले असतात, रजा काढलेली असते, घरी सांगून आलेले असतात. या सर्वांच्या इच्छेविरुद्ध ‘परत फिरा’ असे म्हणण्याचा अधिकार आणि धैर्य ज्याच्यापाशी आहे, तोच अनुभवी.

या डोंगराने कितीतरी मोठ्या गिर्यारोहकांना घडविले. १ मे १९६३ रोजी एव्हरेस्टवर पोहोचलेला पहिला अमेरिकन जिम व्हिटेकर हा तरुणपणी रेनियरवर वाटाड्याचे काम करीत असे. त्या दिवशी त्याच्याबरोबर माथ्यावर होता तो तेनसिंगचा भाचा नवांग गोंबू. हाच गोंबू १९६५ च्या भारतीय मोहिमेत पुन्हा एव्हरेस्टवर गेला आणि ते शिखर दोनदा गाठणारा जगातील पहिला माणूस ठरला. पुढे त्यानेही काही उन्हाळे रेनियरवर मार्गदर्शक म्हणून काढले.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. अनुभव असला म्हणजे भय संपते काय? रेनियरचा इतिहास स्पष्टपणे ‘नाही’ म्हणतो.

२१ जून १९८१ रोजी पहाटे मार्गदर्शकांबरोबर निघालेली एक मोठी तुकडी सुमारे अकरा हजार फुटांवर थांबली होती. पुढच्या उतारावरील बर्फ सुरक्षित आहे की नाही याची शंका आल्याने काही मार्गदर्शक तपासणीला पुढे गेले होते. म्हणजे जे करावयास हवे तेच चालले होते. तेवढ्यात वरच्या हिमकड्याचा प्रचंड भाग कोसळला. दहा हौशी गिर्यारोहक आणि एक मार्गदर्शक असे अकरा जण त्याखाली गाडले गेले. त्यांचे देह पुन्हा हाती लागले नाहीत.

त्याआधी दोन वर्षांपूर्वीची घटना आपल्याला अधिक जवळची वाटेल, कारण ती एका प्राध्यापकाची आहे. विली अनसोल्ड हे १९६३ च्या मोहिमेत टॉम हॉर्नबाइन यांच्याबरोबर पश्चिम धारेने एव्हरेस्ट चढले आणि दुसऱ्या बाजूने उतरले. गिर्यारोहणाच्या इतिहासातील हे एक असामान्य कर्तृत्व होय. त्यात त्यांना पायांची नऊ बोटे गमवावी लागली. तरुणपणी गढवालात पाहिलेल्या नंदादेवी शिखराने ते इतके भारले होते, की आपल्या मुलीचे नावच त्यांनी ‘नंदादेवी’ ठेवले. १९७६ साली पितापुत्री दोघेही भारत-अमेरिका मोहिमेतून त्या शिखरावर गेले आणि ती मुलगी आजारी पडून त्याच पर्वतावर मरण पावली. अनसोल्ड वॉशिंग्टन राज्यातील एव्हरग्रीन महाविद्यालयात शिकवीत. डोंगर ही विद्यार्थ्यांची शाळा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. मार्च १९७९ मध्ये विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन ते रेनियरवर गेले. वादळामुळे माथा सोडून ते परत फिरले. ४ मार्च रोजी उतरताना एका खिंडीत हिमलोट आला आणि त्यांचा व त्यांच्या दोरावरील एका विद्यार्थिनीचा त्यात अंत झाला. उरलेल्या विद्यार्थ्यांनी बर्फ उकरून दोघांना बाहेर काढले, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर त्या वादळात ती मुले आपल्या बळावर कॅम्प म्यूरपर्यंत उतरली.

या घटनेवर दोन मते होऊ शकतात. एक असे, की हिवाळ्यात विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी नेणेच चूक. एका मुलीचा जीव गेला आहे. या मताला कोणत्याही कर्तृत्वाचा दाखला देऊन गप्प करता येणार नाही. दुसरे मत असे, की म्होरक्या गेल्यावरही उरलेली मुले वाचली, याचा अर्थ त्यांना नुसते हाताला धरून नेलेले नव्हते, शिकविलेले होते. माझ्या मते ही दोन्ही मते एकाच वेळी खरी आहेत, आणि म्हणूनच शिक्षकाची जबाबदारी दुहेरी ठरते. विद्यार्थ्याला किती धोक्यापर्यंत न्यायचे याचा निर्णय आपल्या धाडसावरून न करता त्याच्या तयारीवरून केला पाहिजे. आणि आपण नसलो तर तो परत येईल, एवढे त्याला निघण्यापूर्वी शिकविले पाहिजे.

पायथ्याची माणसे

डोंगर चढणाऱ्यांविषयी एवढे लिहिल्यावर न चढणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. रेनियरचा खरा धोका माथ्यावर जाणाऱ्यांपेक्षा खालच्या खोऱ्यांतील वस्तीला अधिक आहे. आत कुजलेला खडक आणि वर बर्फाचा साठा यांचा संयोग झाला, की चिखलाचा महापूर उसळतो. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी असा एक लोंढा थेट समुद्राच्या खाडीपर्यंत गेला. पाचशे वर्षांपूर्वी दुसरा आला. त्या लोंढ्यांच्या थरांवर आज गावे वसली आहेत. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलंबिया देशातील नेव्हादो देल रुइझ या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या उद्रेकाने असाच चिखल उसळला आणि आर्मेरो शहरासह वीस हजारांहून अधिक माणसे त्यात गेली. रेनियरचा शेजारी माउंट सेंट हेलेन्स १८ मे १९८० रोजी फुटला, तेव्हा त्याचा माथा तेराशे फुटांनी खाली आला आणि सत्तावन्न माणसे दगावली. म्हणून रेनियरच्या खोऱ्यांत १९९८ पासून चिखललोंढ्याची सूचना देणारी यंत्रणा बसविलेली आहे आणि ओर्टिंगसारख्या गावांतील शाळकरी मुले उंच जागी चालत जाण्याचा सराव करतात. तेथे डोंगराकडे पाठ करून वेळेवर निघणे हाही एक अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे.

आपल्या सह्याद्रीतील अग्नी केव्हाच विझला. आपल्याकडे हिमनद्या नाहीत की वाफेच्या गुहा नाहीत. पण निसरडी वाट आहे, पावसाळ्यातील धुके आहे, अचानक फुगणारे ओढे आहेत आणि ‘आता आलेच वर’ म्हणणारे मित्रही आहेत. पुढच्या सुट्टीत एखाद्या गडावर निघणाऱ्या आपल्या तुकडीने तीन गोष्टी रेनियरकडून उचलाव्यात : परतीची वेळ निघण्यापूर्वी ठरवावी, चाल सर्वांत थकलेल्याची धरावी आणि स्थानिक वाटाड्याने नको म्हटले तर त्याचे कारण विचारावे. स्लुइस्किनने सांगितलेले दगड आणि वारा खरे होते. गड पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो. आपण सर्वांनी परत आले पाहिजे.